औषधाचे दिवस आणि अंड्याचे दिवस



मृग लागला की कर्जत-खालापूरकडच्या घराघरांत एकच धांदल उडते. भाताची रोपे, बांधबंदिस्ती, मग लावणी. घरातली माणसे शेतात गुंततात आणि दारच्या कोंबड्यांकडे लक्ष जरा कमी जाते. हा सह्याद्रीच्या पायथ्याचा मुलूख. वर्षाला तीन हजार मिलिमीटर आणि त्याहूनही जास्त पाऊस इथे कोसळतो. पंधरा-वीस दिवस झड लागली की अंगणाचा चिखल होतो, खुराड्यातली माती ओली राहते. आणि मग एक दिवस एखादी कोंबडी पिसे फुगवून कोपऱ्यात बसलेली दिसते. तुरा फिका पडलेला, छातीचे हाड हाताला लागते, अंडी देणे बंद. विष्ठेत पांढरा, दोऱ्यासारखा जंत दिसला, की घरच्या बाईला काय समजायचे ते समजते.

बाजाराच्या दिवशी घरधनी कर्जतला नाही तर खोपोलीला जातो आणि दुकानदाराला म्हणतो, "कोंबडीच्या जंताचं औषध द्या." औषध येते, पाण्यातून दिले जाते. दुसऱ्या दिवशी खुराड्यात चार अंडी असतात. आता घरात प्रश्न उभा राहतो.

"अहो, औषध दिलंय. अंडी पोरांना द्यायची का?"

"दे की! औषध कोंबडीनं खाल्लं, पोरांनी थोडंच खाल्लं?"

शेजारची म्हातारी मात्र म्हणते, "नको गं बाई. महिनाभर तरी अंडं तोंडात घालू नका. उकिरड्यावर टाका."

मंडळी, ही दोन्ही उत्तरे अर्धीच बरोबर आहेत. कोंबडीने खाल्लेले औषध अंड्यात उतरते, हे खरे आहे. म्हणून घरधन्याचे म्हणणे चुकते. पण म्हणून प्रत्येक अंडे महिनाभर विषारी होते, असे मुळीच नाही. म्हणून म्हातारीचेही चुकते. मग बरोबर काय? ते समजायला जंताच्या औषधांचा इतिहास थोडा मागे जाऊन पाहावा लागेल. कारण "किती दिवस थांबायचे" हा आकडा माणसाला एका दिवसात सापडलेला नाही.

पहिल्याने जंतांविषयी. कोंबडीच्या पोटात मुख्यतः गोल जंत असतात, आणि त्याखेरीज पट्टकृमी, म्हणजे चपटे जंत. गोल जंत दोन-तीन इंच लांब होतो, कधी त्याहूनही मोठा. त्याची अंडी विष्ठेतून जमिनीवर पडतात. ऊब आणि ओल मिळाली की दोन-तीन आठवड्यांत ती दुसऱ्या कोंबडीला बाधण्याजोगी होतात. चपट्या जंताचा प्रवास मुंगी, माशी, किडा यांच्या पोटातून होतो. माती उकरून किडे टिपणारी आपली गावठी कोंबडी या दोघांच्याही वाटेत उभी असते. एक गोष्ट मात्र इथेच सांगून टाकतो. कोंबडीचे हे जंत माणसाच्या पोटात नांदत नाहीत. क्वचित एखादा गोल जंत अंडनलिकेत चढतो आणि अंड्याच्या आत सापडतो. ते पाहून किळस येते, आणि असे अंडे टाकूनच द्यावे. पण त्याने माणसाला रोग होत नाही.

जुन्या काळी जंतांवर झाडपाला हाच उपाय होता. वावडिंग, पळसाचे बी, सुपारी, किरमाणी ओवा ही नावे आपल्या आजीच्या बटव्यात होतीच. किरमाणी ओव्यातला गुणकारी अंश युरोपातल्या रसायनज्ञांनी १८३० मध्ये वेगळा काढला आणि त्याला सँटोनिन नाव दिले. पुढे शंभरएक वर्षे ते माणसांच्या जंतांवर देत असत. कोंबड्यांना तंबाखूची भुकटीही खाद्यातून चारीत. १९२१ मध्ये अमेरिकेतले पशुवैद्यकीय संशोधक मॉरिस हॉल यांनी कार्बन टेट्राक्लोराइड हे रसायन आकडीजंतांवर चालते असे दाखवले. पुढे तेही पुष्कळ वापरले गेले. पण त्याने यकृताला इजा होते, म्हणून ते मागे पडले. या साऱ्या काळात लोक एकच प्रश्न विचारीत होते : जंत पडला का? औषध जनावराच्या अंगातून पुढे कुठे जाते, हे विचारण्याची गरज कोणाला वाटली नव्हती.

ती गरज एका औषधाने डोळ्यांना दाखवून दिली. १९३८ मध्ये फेनोथायाझीन हे औषध जंतांवर चालते असे आढळले. मेंढ्या, गुरे, कोंबड्या सगळ्यांना ते दिले जाऊ लागले. पण गाईला ते दिले की तिचे दूध गुलाबीसर दिसू लागे! दुधात औषध उतरते याला दुसरा पुरावा कशाला हवा? रंग दिसला की गवळी ते दूध बाजूला काढी. रंग गेला की पुन्हा वापरी. एका अर्थाने ते औषध प्रामाणिक होते. "मी अजून आत आहे", असे ते स्वतःच सांगत असे.

त्यानंतर आलेली औषधे अधिक गुणकारी होती, पण ती रंगाने काही सांगत नव्हती. १९५० च्या सुमारास पायपेराझीन आले. १९६१ मध्ये थायाबेंडाझोल आले, आणि त्याच घराण्यातली फेनबेंडाझोल, अल्बेंडाझोल ही औषधे १९७० नंतरच्या दशकात आली. १९६६ मध्ये टेट्रामिसोल आणि त्यातूनच पुढे लेव्हामिसोल आले. जपानमध्ये सातोशी ओमुरा यांनी मातीतून मिळवलेल्या सूक्ष्मजंतूपासून आयव्हरमेक्टिन तयार झाले. १९८१ मध्ये ते जनावरांसाठी बाजारात आले, आणि त्याबद्दल ओमुरा आणि विल्यम कॅम्पबेल यांना २०१५ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. ही औषधे म्हणजे पशुपालनाला मिळालेले वरदानच होते. पण दूध पांढरेच राहिले, अंड्याचा बलक पिवळाच राहिला. आत काय आहे ते डोळ्यांना दिसेना. जे दिसत नाही ते मोजावे लागते. म्हणून दिवस मोजण्याची पद्धत आली.

आता हे औषध अंड्यात जाते कसे? तेही समजून घेऊ. आपल्याला वाटते, आज दिलेले अंडे म्हणजे आजचे काम. तसे नसते. पांढरा भाग काही तासांत चढतो, कवच व्हायला सुमारे वीस तास लागतात. म्हणजे एका दिवसात वरचे बांधकाम पुरे होते. पण आतला बलक मात्र आठ-दहा दिवस आधीपासून वाढत असतो. कोंबडीच्या पोटात एकाच वेळी लहानमोठ्या बलकांची रांग लागलेली असते. उद्याचा, परवाचा, तेरवाचा आणि आठ दिवसांनंतरचासुद्धा. या बलकांना लागणारी चरबी यकृतातून रक्तावाटे येते. चरबीत विरघळणारे औषध तिच्याबरोबर बलकात जाऊन बसते. आज औषध दिले, तर ते या रांगेतल्या प्रत्येक बलकात थोडेथोडे शिरते. म्हणून कोंबडी बरी दिसली, जंत पडून गेले, तरी पुढचे आठ-दहा दिवस येणाऱ्या अंड्यांत त्या दिवसाची आठवण असू शकते. वर्गात ही गोष्ट सांगताना शिक्षकांनी फळ्यावर मण्यांची माळ काढून दाखवावी. शेवटचा लहान मणी मोठा होऊन बाहेर पडेपर्यंत दहा दिवस जातात, हे मुलांना लगेच कळेल.

पण शिरते म्हणजे किती शिरते? खरा प्रश्न हाच. विषाचा गुण मात्रेत असतो, हे आपल्या वैद्यांनाही ठाऊक होते. अन्नाच्या बाबतीत जगभराचे एकच मोजमाप असावे, म्हणून १९६३ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेने आणि जागतिक आरोग्य संघटनेने मिळून कोडेक्स नावाची व्यवस्था उभी केली. जनावरांच्या औषधांचे अन्नात उरणारे अंश पाहण्यासाठी तिची वेगळी समिती १९८५ मध्ये स्थापन झाली. पद्धत अशी ठेवली की प्राण्यांवरच्या प्रयोगांत ज्या मात्रेने काहीच अपाय दिसत नाही ती मात्रा शोधायची आणि तिचा साधारण शंभरावा भाग माणसाने रोज, जन्मभर खाल्ला तरी चालेल असे धरायचे.

एक हिशेब करून पाहू. फेनबेंडाझोलच्या बाबतीत ही रोजची मर्यादा माणसाच्या दर किलो वजनामागे ७ मायक्रोग्रॅम ठरली आहे. मायक्रोग्रॅम म्हणजे एका ग्रॅमचा दहा लाखावा भाग. घरातले पोर १५ किलोचे असेल, तर १५ गुणिले ७, म्हणजे १०५ मायक्रोग्रॅम. युरोपात अंड्यातल्या फेनबेंडाझोलची कमाल मर्यादा किलोमागे १३०० मायक्रोग्रॅम आहे. आपले अंडे ५० ग्रॅमचे धरले, तर एका अंड्यात जास्तीत जास्त ६५ मायक्रोग्रॅम. १०५ पेक्षा ६५ कमी. म्हणून कोंबड्यांसाठीच बनवलेले हे औषध ठरल्या मात्रेत दिले, तर युरोपात आणि अमेरिकेत अंड्यांसाठी एक दिवसही थांबावे लागत नाही. ऐकून नवल वाटेल, पण तसा तिथला नियमच आहे.

आणि दुसरी बाजूही पाहा. शाळाशाळांतून १० फेब्रुवारीच्या सुमारास राष्ट्रीय जंतनाशक दिन पाळला जातो. २०१५ मध्ये हा कार्यक्रम सुरू झाला. त्यात शिक्षक मुलांना जी गोळी देतात ती अल्बेंडाझोलची, ४०० मिलिग्रॅमची असते. फेनबेंडाझोलचीच ती सख्खी बहीण. मघाच्या ६५ मायक्रोग्रॅमच्या मानाने ही मात्रा सहा हजार पटींहून जास्त झाली. तेव्हा अंड्यातल्या एवढ्याशा अंशाला घाबरून थरकाप व्हायचे कारण नाही. मात्र, गोळी वर्षातून एक-दोनदा, आरोग्यखात्याच्या देखरेखीखाली, रोगासाठी दिलेली असते. अंडे आपण अन्न म्हणून खातो, आणि ते गरोदर बाईही खाते. गरोदरपणाच्या पहिल्या तीन महिन्यांत हीच गोळी देत नाहीत. म्हणून "गोळी चालते तर अंड्यात काय बिघडलं" असे म्हणून हिशेब सोडून देता येत नाही.

शिवाय, सगळी औषधे एकाच मापाची नाहीत. पायपेराझीनचेच घ्या. युरोपात अंड्यांतल्या त्याच्या अंशाची मर्यादा ठरवून दिली आहे, म्हणजे अंडी देणाऱ्या कोंबडीला ते देण्याची सोय आहे. अमेरिकेत मात्र, माणसांनी खायची अंडी देणाऱ्या कोंबड्यांना ते देऊ नये, असे वेष्टनावर छापलेले असते. औषध एकच, कोंबडी एकच, पण दोन देशांची उत्तरे दोन. आयव्हरमेक्टिन चरबीत मुरते आणि बलकात कित्येक दिवस राहते. अंडी देणाऱ्या कोंबडीसाठी ते नाही. लेव्हामिसोल माणसांनाही पूर्वी देत असत. पण काहींच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी त्याने धोकादायक रीतीने घटतात असे दिसून आले. म्हणून अंड्याचा प्रश्न विचारताना "जंताचं औषध" एवढे म्हणून भागत नाही. औषधाचे नाव लागते.

आता पाहा, कर्जतच्या भात संशोधन केंद्राने काढलेली वाणे आपण नावाने मागतो. "कर्जत १८४ द्या", "कर्जत ३ द्या", असे म्हणतो. नुसते "भाताचं बी द्या" म्हणून कोणी पिशवी घेत नाही. मग ज्या कोंबडीची अंडी घरची पोरे खातात, तिचे औषध का म्हणून निनावी घ्यावे?

आपल्या देशात या बाबतीत नियम कधी झाला, ते आता सांगतो. औषधांविषयीचे आपले मूळ नियम १९४५ चे. जनावरांना दिलेल्या औषधानंतर दूध, अंडी, मांस किती दिवस वापरू नये हे वेष्टनावर छापलेच पाहिजे, असे त्यांत पूर्वी नव्हते. जानेवारी २०१२ मध्ये केंद्राच्या आरोग्य मंत्रालयाने या नियमांत दुरुस्ती केली. ज्या जनावरांपासून माणसाला अन्न मिळते, त्यांच्या औषधाच्या वेष्टनावर हा वर्ज्य काळ छापणे बंधनकारक झाले. वेष्टनावर "विथड्रॉवल पिरियड" म्हणून जे शब्द असतात ते हेच. आणि एखाद्या औषधाचा असा काळ प्रयोगाने ठरलेला नसेल तर काय, तेही नियमाने सांगितले : अंडी आणि दूध यांसाठी निदान ७ दिवस, कोंबडी आणि इतर जनावरांच्या मांसासाठी निदान २८ दिवस. हे दोन आकडे चुलीवरच्या भिंतीवर कोळशाने लिहून ठेवावेत इतक्या मोलाचे आहेत. अंड्याला सात, मटणाला अठ्ठावीस. शब्द "निदान" असा आहे, हे विसरू नका. बलकाची दहा दिवसांची रांग लक्षात घेतली, तर वेष्टन मुके असताना दहा-बारा दिवस थांबणारी गृहिणी जास्तच शहाणी म्हणावी लागेल.

आता एक गंमत पाहा. आपल्या राज्यात कोंबडीपालनाचे रूप गेल्या साठ-सत्तर वर्षांत पार पालटले. १९५९ मध्ये केंद्र सरकारने देशात जी विभागीय कुक्कुट केंद्रे काढली, त्यांतले एक मुंबईला होते. १९७१ मध्ये डॉ. बी. व्ही. राव यांनी वेंकटेश्वरा हॅचरीज सुरू केली. १९८२ मध्ये अंडी उत्पादकांची नॅशनल एग कोऑर्डिनेशन कमिटी उभी राहिली. पिंजऱ्यातली कोंबडी आली. पिंजऱ्यातल्या कोंबडीची विष्ठा खाली पडते, तिच्या चोचीला माती लागत नाही. म्हणून तिला जंतांचा उपद्रव फार कमी. आपल्या कर्जत-खालापूरच्या रस्त्यांवर मांसाच्या कोंबड्यांच्या पोल्ट्री दिसतात. त्यांतला पक्षी सहाएक आठवड्यांत विकला जातो. गोल जंताला पोटात वाढून अंडी घालायलाच पाच ते आठ आठवडे लागतात. म्हणजे जंत वयात येण्याआधी कोंबडी बाजारात! मोकाट हिंडणारी, माती उकरणारी, पावसात भिजणारी गावठी कोंबडीच जंतांची खरी धनीण. मुंबईचा पाहुणा "गावठी अंडं, शुद्ध अंडं" म्हणून ज्याला दुप्पट दाम देतो, त्याच अंड्याच्या कोंबडीला कदाचित आठवड्यापूर्वी निनावी औषध दिलेले असेल. त्याचा विश्वास हे आपले भांडवल आहे. ते जपायचे तर दिवस मोजले पाहिजेत.

घाबरून अन्न टाकण्यानेही नुकसान होते, हेही आपण अनुभवले आहे. फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यात नवापूरला बर्ड फ्लू आला. कोंबड्या मारून पुराव्या लागल्या. ते आवश्यकच होते. पण नवापूरपासून शेकडो मैलांवरही लोकांनी अंडी खायचे सोडले, कोंबडी उत्पादकांचे अतोनात नुकसान झाले. नीट शिजवलेल्या अंड्यात तो विषाणू टिकत नाही, असे डॉक्टर सांगत होते. भीतीपुढे ते ऐकून घेतले गेले नाही.

इथे एक घोटाळा टाळू या. विषाणू आणि जंतू शिजवल्याने मरतात. म्हणून अंडे पुरते उकडून खावे, हे योग्यच. पण औषध हे काही जीव नव्हे की ते मरेल. जंतांवरची पुष्कळशी औषधे उकळत्या पाण्याला दाद देत नाहीत. तेव्हा "उकडलं की झालं" हा उपाय औषधाच्या बाबतीत धरू नये. तिथे उपाय एकच, दिवस जाऊ देणे.

आणि दिवस मोजूनही भागत नाही, असा एक प्रसंग २०१७ मध्ये युरोपात घडला. नेदरलँड्स आणि बेल्जियममध्ये कोंबड्यांच्या अंगावरचे रक्तपिपासू लाल किडे मारण्यासाठी एक फवारा वापरला गेला. त्यात फिप्रोनिल मिसळलेले निघाले. अन्न देणाऱ्या जनावरांवर त्याचा वापर तिथे मना आहे. ते कोंबड्यांच्या चरबीत मुरले आणि तिथून अंड्यांत येत राहिले. कोट्यवधी अंडी नष्ट करावी लागली, कित्येक शेड बंद पडल्या. हे फिप्रोनिल आपल्याला परके नाही, बरं का. भाताच्या खोडकिड्यावर त्याचे दाणे आपण शेतात टाकतो. घरात उरलेली पुडी असते, कोंबडीला गोचीड-पिसवा झालेल्या असतात, आणि हात नकळत तिकडे जातो. तो हात आवरा. शेताचे औषध शेतालाच. तसेच गुरांचे, शेळ्यांचे औषध अंदाजाने कोंबडीला देऊ नका. गुरासाठी छापलेला वर्ज्य काळ कोंबडीच्या अंड्याला लागू पडत नाही.

आता शिक्षक मित्रांसाठी दोन शब्द. आदिवासी भागातल्या अंगणवाड्यांतून लहान मुलांना अंडी देण्याची अमृत आहार योजना आपल्या राज्यात आहे. शाळांच्या पोषण आहारातही आठवड्याला एक अंडे देण्याचा निर्णय नोव्हेंबर २०२३ मध्ये झाला होता. जानेवारी २०२५ मध्ये त्यासाठीचा वेगळा निधी थांबला आणि शाळांनी हवे तर लोकसहभागातून अंडी द्यावीत, असे ठरले. लोकसहभागातून म्हणजे गावातून. गावातून म्हणजे पुष्कळदा कोणाच्या तरी खुराड्यातून. ठाकूरवाडीतली, कातकरवाडीतली एखादी माउली मोठ्या मनाने चार अंडी शाळेत आणून देईल. कातकऱ्याच्या पोराला आठवड्यातले ते एक अंडे म्हणजे केवढी गोष्ट आहे, हे तुम्हाला मी सांगायला नको. ते अंडे नाकारू नका. फक्त प्रेमाने एवढेच विचारा, "मावशी, कोंबड्यांना एवढ्यात काही औषध दिलं होतंत का? कधी दिलं?" हा प्रश्न संशयाचा वाटू नये, याची हातोटी शिक्षकाजवळ असतेच.

मग घरच्या बाईने करावे काय? उपाय सोपा आहे, आणि तो आपल्या कोंबडीच्या स्वभावातच आहे. गावठी कोंबडी बारमाही अंडी देत नाही. बारा-पंधरा अंडी देते, मग खुडूक होते, एकवीस दिवस अंड्यांवर बसते, मग पिल्ले घेऊन हिंडते. पिल्ले वाढवण्याच्या त्या काळात ती अंडी देत नाही. जंताचे औषध द्यायला याहून चांगला मुहूर्त कोणता? पिल्ले निघाल्यावर पशुवैद्यकाला विचारून औषध द्यावे. ती पुन्हा अंड्यावर येईपर्यंत दिवस आपोआप भरून जातात. एकही अंडे वाया जात नाही, आणि एकही शंका उरत नाही. तसेच तलंगांना, म्हणजे अजून अंड्यावर न आलेल्या कोंबड्यांना, अंडी सुरू होण्याच्या पुरेसे आधी औषध देऊन मोकळे व्हावे.

अंड्यावर असलेल्या कोंबडीलाच औषध द्यायची वेळ आली, तर पशुवैद्यकीय दवाखान्यात जाऊन कोंबडीसाठीचे औषध आणि मात्रा लिहून घ्यावी. दुकानातून वेष्टनासकट घ्यावे, सुटे ओतून घेऊ नये. औषध दिल्याची तारीख कॅलेंडरवर लिहावी. मोजणी शेवटच्या मात्रेपासून करायची. दोन-तीन आठवड्यांनी दुसरी मात्रा दिली, तर मोजणी पुन्हा एकपासून. मोकळ्या सोडलेल्या कोंबड्यांत कुणाचे अंडे कुठले ते कळत नाही, तेव्हा सगळ्याच खुराड्याचे दिवस मोजावेत. त्या दिवसांतली अंडी विकू नयेत, शाळेत देऊ नयेत, पाहुण्याला घालू नयेत. आणि चुकून एखादे अंडे खाल्ले गेलेच, तर घाबरून जाऊ नये. एका अंड्याने सहसा काही होत नाही. नियम आहे तो रोजच्या, जन्मभराच्या खाण्यासाठी.

शेवटी एक. औषध कमी लागेल असे राखणे, हेच सर्वांत चांगले. खुराडे उंचावर, कोरडे ठेवावे. विष्ठा रोज काढून उकिरड्यात टाकावी. पावसाळ्यात राख-चुना पसरून ओल कमी करावी. पिल्ले मोठ्या कोंबड्यांपासून निराळी वाढवावीत. डालगे अधूनमधून उन्हात घालावे. जंताचे अंडे ओलीत जगते, उन्हाने मरते.

गुलाबी दूध पाहून गवळ्याला कळत असे, की अजून थांबायला हवे. आपल्या अंड्याचा बलक आपल्याला तसे काही सांगणार नाही. ते काम आता भिंतीवरच्या तारखेने करायचे आहे. पुढच्या वेळी घरात प्रश्न निघाला, "अहो, ही अंडी पोरांना द्यायची का?", तर घरधन्याने उठून कॅलेंडरपाशी जावे, बोट ठेवून दिवस मोजावेत, आणि मगच सांगावे, "दे. दिवस भरलेत."